कुलूप कोणतं, ते शेवटी सांगते

खानापूर भागातल्या एका मुलीनं विचारलंय. तिचा प्रश्न थोडक्यात असा: "अक्का, क्लबमध्ये नाचायला लागून तीन महिने झाले. शुक्रवार-शनिवार गोव्यात, मधल्या दिवसांत बेळगावात हॉटेलात नाहीतर खेड्यात यात्रेला. गेल्या पंधरवड्यात मेकअप रूममध्ये पर्समधून बक्षिसाचे 6,200 रुपये गेले. त्याच्या आधी चांदीचे पैंजण गेले होते. खोलीत आम्ही सहाच जणी. एकीवर संशय आहे, पण तोंडावर बोलू कशी? आणि बॅगेला कुठलं कुलूप चांगलं?"

मी 2004 पासून नाचले. निपाणीकडच्या एका ऑर्केस्ट्रात सुरुवात, मग लावणीची पार्टी, मग सहा सीझन गोव्याचे क्लब. आता गुडघे वाजतात, म्हणून बेळगावच्या शहापुरात कपडे-दागिने भाड्यानं देते आणि पोरींच्या पार्ट्या जुळवून देते. एवढ्या वर्षांत माझं स्वतःचं चार वेळा गेलं. माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांचं गेलं ते मोजलेलं नाही. तेव्हा जे सांगते ते बरंचसं ठेच लागून शिकलेलं आहे.

तुझी अडचण कुलपाची नाही गे, वेळेची आहे. घरफोडी करणाऱ्याला घरची माणसं कधी बाहेर जातात ते पाळत ठेवून शोधावं लागतं. तुझं तसं नाही. तू खोलीत नाहीस हे माईकवरून जाहीर होतं. नाव पुकारलं, गाणं लागलं, की साडेचार मिनिटं तू हलत नाहीस. तीन गाण्यांचा सेट असेल तर पंधरा मिनिटं. भिंतीपलीकडं उभ्या असलेल्या माणसाला कडवं कितवं चाललंय यावरून कळतं, हातात अजून किती वेळ आहे ते. आणि पंधरा मिनिटं दम धरेल असं कुलूप कापडी बॅगेला बसतच नाही.

आता "खोलीत आम्ही सहाच" हे. एका रात्री कोपऱ्यात बसून बोटं मोज. मी एकदा एका हॉटेलात मोजली होती. आम्ही सहा, मेकअपवाला, चहा आणणारा पोऱ्या दोनदा, वायर ओढायला आलेला साउंडवाला, शर्ट बदलायला आलेला गायक, पाकीट घेऊन आलेला मॅनेजर, "गाडी कुठं लावू" विचारायला आलेला ड्रायव्हर, एकीचा मावसभाऊ आणि शेवटी फरशी पुसणारी बाई. दोन तासांत चौदा माणसं. दाराला कडी होती, पण लावली कुणीच नव्हती, कारण दर पाच मिनिटांनी कुणीतरी बाहेर जाणार नाहीतर आत येणार. तेव्हा संशयाची यादी आधी चौदाची कर, मग बघ कुणावर बोट जातं.

हे मी एवढं ठासून का सांगते, त्याला कारण आहे. 2011 साली हुक्केरी तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत आमचा कार्यक्रम होता. खेड्यात मेकअप रूम म्हणजे शाळेचा वर्ग. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर आदल्या दिवशीची बेरीज तशीच, एक बल्ब, आणि दाराची कडी फक्त बाहेरून. सातजणींच्या बॅगा खिडकीखालच्या बाकावर एका ओळीत. शेवटचं गाणं सगळ्यांचं, त्यामुळं खोलीत कुणी नाही. परत आलो तर माझी पर्स नव्हती. त्यात 4,300 रुपये आणि आईच्या कानातल्या कुड्या. आठ दिवसांपूर्वी आलेली एक पोरगी मधे एकदा पाणी प्यायला म्हणून आत गेली होती. आम्ही तिला धरलं. तिची बॅग बाकावर ओतली, कपडे झटकले. ती रडत कन्नडमध्ये म्हणत होती, "अक्का, ना तगोंडिल्ल", मी घेतलं नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती निघून गेली. दहा वाजता शाळेच्या शिपायानं मागच्या उसात पडलेली माझी पर्स आणून दिली. आत पैसे नव्हते, कुड्या नव्हत्या, पण पर्सच्या पट्ट्यात एक लोखंडी आकडा तसाच अडकून राहिला होता. उसाच्या काठीला आकडा बांधून गजांमधून पर्स ओढून घेतली होती. आत कुणी आलंच नव्हतं.

त्या पोरीचा नंतर पत्ता लागला नाही. तू "बोलू कशी" विचारतेस, तर माझं उत्तर असं: अजून बोलू नको. आधी असं काही कर की बोलायची वेळच येऊ नये.

काय करायचं ते तू कुठं नाचतेस त्यावर अवलंबून आहे. क्लबात लॉकर असतो, माणसं तीच ती असतात, आणि चोरी बहुतेक नाचताना होत नाही. ती पहाटे तीनला होते, सगळ्या दमून एकदम कपडे बदलत असताना, पाकिटं वाटली जात असताना. हॉटेलात खोली मिळते, पण तिची दुसरी किल्ली काउंटरवर असते. यात्रेत काहीच नसतं, म्हणून तिथं तयारी घरातूनच करावी लागते. तिन्हीकडं लागू पडेल ते आधी सांगते.

जे गेलं तर रडू येईल ते आणूच नको. बोलायला सोपं, करायला अवघड, हे मलाही माहीत आहे. लग्न झालेल्या पोरी मंगळसूत्र घरी ठेवायला तयार नसतात, आणि मेकअपच्या वेळी तेच पहिलं काढून आरशापुढं ठेवतात. मी सांगते, वन ग्रॅम गोल्डचं एक डोरलं घे, प्रवासात ते घाल, खरं सासूच्या डब्यात राहू दे. चांदीचे पैंजण घुंगरांखाली कुणाला दिसतात? ते नाचायला नेलेस, तिथंच चुकलं.

कागदांचं मात्र नीट ऐक. जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेत आपल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये भाडं नाही, ओळखपत्र दाखवायचं. त्यामुळं प्रत्येकीच्या पर्समध्ये आता आधार कार्ड असतंच. ते ठेव. पण मी रोज बघते, पोरी आधार, एटीएम कार्ड आणि पासपोर्ट साइझ फोटो मोबाईलच्या मागच्या कव्हरात घालतात. यापेक्षा वाईट जागा नाही. फोन चोरणाऱ्याला यूपीआयचा पिन ठाऊक नसतो, पण पिन नवा करायला लागतं काय? कार्डावरचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि त्याच फोनवर येणारा ओटीपी. आधारवरून करायचं तर आधारचे आकडे आणि पुन्हा ओटीपी. म्हणजे तू कुलूप आणि किल्ली एकाच कव्हरात घालून त्याच्या हातात दिलीस. एटीएम कार्ड कार्यक्रमाला न्यायचं कामच नाही. सिमलाही पिन लाव, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालत नाही. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसू देऊ नको, नाहीतर ओटीपी कुलूप न उघडताच वाचता येतो.

आता पैसे. नाचायला लागून तीनच महिने झालेल्या मुलीकडं एका रात्रीत 6,200 जमत नाहीत. ते दोन-तीन रात्रींचे साठलेले असणार. चुकत असेन तर सांग, पण मला तरी खरी गळती इथंच दिसते. पहिल्या रात्रीचे पैसे दुसऱ्या रात्री खोलीत येताच कामा नयेत. बँकेच्या पैसे भरायच्या मशीनमध्ये झोपायच्या आधी टाक, उठल्यावर नको. पहाटे डोळे मिटत असतात, पाय फुटत असतात, मान्य. पण "उठल्यावर भरते" म्हटलेले पैसे संध्याकाळी परत पर्समध्ये असतात, हे मी स्वतःच्या पर्सवरून सांगते.

नाचतानाचे पैसे अंगावरच. आमच्या आज्या पदराला गाठ मारत, बापे कनवटीला लावत. त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही, कारण त्यांच्याकडं पर्सच नव्हती. नऊवारी असेल तर आतल्या चोळण्याला आणि परकरावर नाचत असशील तर परकराला, उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला आतून चेनवाला कप्पा शिवून घे. पोटावर नको, वाकलं की टोचतो आणि फुगलेला दिसतो. चेन आडवी हवी, उभी चेन उड्या मारताना हळूहळू उघडते. कापड दुहेरी सुती. नोटा घामानं भिजून चिकटतात म्हणून आत छोटी प्लास्टिकची पिशवी. क्लबच्या कपड्यांत, म्हणजे स्कर्ट नाहीतर शॉर्ट असेल तर, आत सायकलिंग शॉर्ट घालतेसच ना, तिलाच हा कप्पा. घडी केलेल्या पंधरा-वीस नोटा बसतात, आणि स्टेजवर एवढं पुरतं.

उधळलेल्या नोटांचं वेगळं आहे. महाराष्ट्रात डान्स बारच्या कायद्यानं नोटा उधळायला मनाई आहे. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये ती मनाई कायम ठेवली, पण हातात बक्षीस द्यायला हरकत नाही असं सांगितलं. आपल्याकडच्या यात्रेत कोण कायदा बघतो? पण पैशांच्या हिशेबानं मला तो निकाल पटतो. उधळलेली नोट कुणाची, हे कधीच ठरत नाही. वेचायला एक पोरगा ठेवलेला असतो, तो दोन्ही हातांनी वेचतो, आणि त्याचे खिसे कुणी बघत नाही. मला ज्यांनी लावणी शिकवली त्या बाई दौलतजादा, म्हणजे लोकांनी दिलेलं बक्षीस, आली की सगळी एका ताटात ठेवायच्या, कार्यक्रम संपला की पार्टीतल्या सगळ्यांसमोर मोजायच्या आणि मग वाटे करायच्या. ढोलकीवाल्यापासून पाणी देणाऱ्यापर्यंत सगळे गोल बसलेले. तेव्हा मला ते किचकट वाटायचं. आता वाटतं, त्या पार्टीत पैशावरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही ते त्या ताटामुळं.

हल्ली क्लबात लोक क्यूआरवर बक्षीस देतात. बरंच आहे, चोरायला नोटच नाही. पण क्यूआर कुणाचा ते बघ. मॅनेजरचा असेल तर पैसे त्याच्या खात्यात, आणि तुझ्या हातात "महिन्याअखेरीस बघू". स्वतःचा लावणार असशील तर बँकेनं दिलेला यूपीआय आयडी बहुतेक वेळा मोबाईल नंबरावर असतो. म्हणजे शंभर रुपये देणाऱ्याला तुझा नंबर फुकट मिळतो, आणि मग रात्री दोनला फोन. ॲपमध्ये दुसरा आयडी करता येतो, ज्यात नंबर नसतो. तो कर. तुझं नाव तरी त्याला दिसेलच, ते टळत नाही. म्हणून काही पोरी हे खातंच वेगळं ठेवतात आणि त्यातले पैसे रोज घरच्या खात्यात सरकवतात.

मोबाईल अंगावर ठेवून नाचता येत नाही. आम्ही एक युक्ती केली होती, दर गाण्याला जी मागं असेल ती फोनवाली. सगळ्यांचे फोन एका पिशवीत, पिशवी तिच्या गळ्यात, आणि ती खोलीत नाही, विंगेत उभी. खोली राखायला ठेवलेला माणूस खोली सोडून चहाला जातो, गळ्यात पिशवी घेतलेली पोरगी कुठं जात नाही. अडचण येते ती शेवटच्या गाण्याला, सगळ्या स्टेजवर. मी सरळ शेवटचं गाणं एक पोरगी कमी घेऊन बसवते. आयोजक कुरकुरतात, "अक्का, सहा सांगितल्या होत्या." मी म्हणते, सहावी मागं काम करते.

ज्या क्लबात विंगही नाही, तिथं पाकिटाची रीत. पैसे मोजून कागदी पाकिटात घाल, गोंदानं चिकटव, चिकटवलेल्या जागेवर अर्धी सही वर, अर्धी खाली येईल अशी सही कर, रक्कम लिही, फोटो काढ, आणि काउंटरवर दे. मॅनेजर प्रामाणिक असेल तर त्याला राग येणार नाही. ज्याला आला, त्याच्याकडं पाकीट ठेवू नको. मोजताना दोघींनी मोजा, वीसजणांसमोर नको. "आज चार झाले" असं आरशासमोर मोठ्यानं सांगायची जी सवय असते ना पोरींना, ती मी माझ्या पार्टीत दंड लावून मोडली. दंड म्हणजे सगळ्यांना वडापाव.

भाड्याच्या दागिन्यांचा निम्मा घोळ चोरीचा नसतोच. सगळ्यांच्या ठुश्या एकसारख्या, नथी एकसारख्या, पहाटे अंधारात जिला जी मिळेल ती भरते. माझ्या प्रत्येक वस्तूला मागून नेलपॉलिशचा ठिपका असतो, पोरीगणिक रंग वेगळा. घुंगरांच्या पट्ट्यांना आतून रंगीत दोरा. कमरपट्टा हरवला म्हणून एकदा दोन पोरी महिनाभर बोलत नव्हत्या. ठिपका बघितला तर तो तिसरीच्या बॅगेत, तिलाही पत्ता नव्हता. तुझे पैंजण असेच कुठं गेलेत का, एकदा सगळ्यांना हसत विचार. "माझे कुणाच्या सामानात आलेत का गे?" एवढंच. हा प्रश्न आरोप नाही, आणि ज्याच्याकडं असतील त्याला परत ठेवायला वाट राहते. माझ्याकडं दोनदा अशी वस्तू दुसऱ्या दिवशी "बाकाखाली सापडली". मी विचारलं नाही कुठल्या बाकाखाली.

गाडीचं विसरू नको. गोव्याहून चोर्ल्याच्या घाटानं रात्री परत येताना सगळ्या झोपलेल्या असतात. जांबोटीला चहाला गाडी थांबते, अर्ध्या उतरतात, अर्ध्या घोरत असतात, दार उघडं. माझ्या चारांपैकी एक चोरी अशीच झाली, पर्स मांडीवर होती आणि मी जागी होते असं मला वाटत होतं. तेव्हापासून पर्सचा पट्टा पायाच्या घोट्याला गुंडाळून वर शाल. पावसाळ्यात धुकं असतं तेव्हा टपावर सामान बांधू देत नाही, ओलं होतं म्हणून नव्हे, चढाला गाडी चालण्याच्या वेगानं जाते म्हणून.

आता गेलंच तर काय. तुझ्याबाबतीत पंधरवडा झालाय, पण उशीर झाला म्हणून तक्रार होत नाही असं नाही. उशीर का झाला ते लिहायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीचं कलम 303. यात एक गोष्ट आपल्यासारख्यांना माहीत हवी. साध्या चोरीत गेलेल्या वस्तूची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल तर ती अदखलपात्र धरली जाते, म्हणजे पोलीस नोंद घेतात पण कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करत नाहीत. तुझे 6,200 आहेत, वर पैंजण. दोन्ही वेगवेगळं लिहून दे, आणि पैंजणांची पावती असेल तर जोड. कुठलं कलम लागतं ते शेवटी पोलीस ठरवतात.

आपल्या भागात दुसरी पंचाईत हद्दीची. चोरी कळली बेळगावात, पर्स शेवटची बघितली गोव्यातल्या साखळी गावाला, गाडीचा मालक महाराष्ट्रातल्या चंदगडचा. तीन राज्यं. प्रत्येक ठाण्यात "हे आमच्याकडं येत नाही." नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये गुन्हा कुठंही घडला असला तरी ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे, झिरो एफआयआर म्हणतात ती. नोंदवून पुढं योग्य ठाण्याला पाठवतात. आणि तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाणार. घाबरू नको, आपला अर्ज मराठीत लिहून ने आणि त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवा म्हण. वाचून दाखवणं आणि एफआयआरची प्रत फुकट देणं कायद्यातच आहे. कन्नड येणारी मैत्रीण बरोबर असेल तर उत्तम. नाचणारी आहे म्हणून कुणी तोंड वेडंवाकडं केलं तर तूही करू नको. गेलेल्या वस्तूंची यादी पुढं सरकव, एवढंच बोल.

फोन गेला असेल तर आधी यूपीआय आणि सिम बंद कर, पैसे वळवले गेले असतील तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. मग पोलीस तक्रारीची प्रत आणि फोनची पावती घेऊन संचार साथी या सरकारी साइटवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, टाकून फोन बंद करता येतो, मग दुसरं सिम घातलं तरी तो चालत नाही. हा नंबर फोन गेल्यावर कुठून आणणार? आत्ताच *#06# दाब, आकडे येतील, ते आईच्या कॅलेंडरवर लिहून ठेव.

क्लबच्या मॅनेजरला मात्र त्याच रात्री मेसेज लिहायचा असतो, बोलायचं नाही, लिहायचं. काय गेलं, किती वाजता बघितलं, आणि बाहेरच्या पॅसेजमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवा. कारण ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. "आमची जबाबदारी नाही" अशी पाटी भिंतीवर असते, तरी मेसेज लिही. खोलीत कॅमेरा लावा असं मात्र चुकूनही म्हणू नको. कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा हा दुसराच गुन्हा आहे, आणि पैशापेक्षा मोठा.

तर कुलूप. आधी बॅगच बदल. चेनच्या दोन्ही टोकांना कुलूप लावलेली ट्रॉली बॅग मी पोरींना साध्या बॉलपेननं उघडून दाखवते. पेनाचं टोक चेनच्या दातांमध्ये खुपसायचं, चेन मधूनच फाकते. हवं ते काढायचं आणि कुलपासकट दोन्ही रनर पुढं-मागं फिरवले की चेन परत मिटते, काही झालंच नाही असं दिसतं. बघणाऱ्या पोरी दर वेळी एकदम गप्प होतात. त्यापेक्षा पत्र्याची छोटी पेटी घे, खडेबाजारात मिळते, जुन्या तमाशातल्या बायका नेत तशी. कडी-कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर घेऊ नको, किंवा तिथंच रिव्हेट मारून घे. स्टाफच्या खोलीत पेटी साखळीनं बांधायची तर खाटेच्या पायाला नको, खाट उचलली की साखळी निघते. खिडकीच्या गजाला बांध, आणि पेटीचं तोंड खिडकीकडं नको. क्लबच्या लॉकरला कुलूप आपलंच, पण आधी बिजागरीचे स्क्रू बघून घे.

आणि कुलूप सात लिव्हरचं, ओळखीच्या कंपनीचं. फुटपाथवरची छोटी पिवळी कुलपं घेऊ नको, त्यांची किल्ली शेजारणीच्या कुलपालाही लागते, मी लावून बघितलीय. नंबरचं कुलूप चालेल, पण जन्मसाल ठेवू नको, तुझ्या केकवर सगळ्यांनी वाचलंय. किल्ली पर्समध्ये नाही. मी अंबाड्यात, जाळीखाली आकड्यानं अडकवायची. एकदा गिरकीत उडून ढोलकीवाल्याच्या मांडीवर पडली, लोकांना वाटलं ठरवून केलंय, टाळ्या पडल्या. तेव्हापासून सेफ्टी पिननं चोळीच्या आतल्या पट्टीला. दुसरी किल्ली खानापूरला घरी. परकर घेऊन ये एखाद्या बुधवारी, कप्पा मी लावून देते, चेन तेवढी तू आण, सहा इंची.